कौलं उतरवून स्लॅब टाकलेलं घर विकताना कर कशावर लागतो?

बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्लीत किंवा खानापूर, निपाणीच्या जुन्या पेठेत एखादं घर विकायला निघतं तेव्हा ते घेतलं होतं तसं क्वचितच उरलेलं असतं. मंगळुरी कौलं जाऊन स्लॅब आलेला असतो, मागची न्हाणी पाडून टाइल्सचं बाथरूम झालेलं असतं, वर दोन खोल्या चढलेल्या असतात. गिऱ्हाईक भाव देतं तो या सगळ्यासकट. कर मात्र सगळ्या रकमेवर नसतो, तो नफ्यावर असतो. विक्रीच्या रकमेतून दलाली-वकिली, घर घेतानाचा खर्च आणि घर सुधारायला घातलेला पैसा वजा केला की उरतो तो नफा. गंमत अशी की यातला तिसरा आकडा बहुतेकांना तोंडपाठ असतो आणि कागदावर सिद्ध करता येत नाही. दहा वर्षांपूर्वी गवंड्याच्या हातात रोख ठेवलेले पाच-सात लाख कर भरताना गायब होतात, आणि न मिळालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो.

सुरुवात मुदतीपासून. घर तुमच्या मालकीचं होऊन २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचा नफा पगार किंवा धंद्याच्या उत्पन्नात मिसळतो आणि त्यावर स्लॅबप्रमाणे (इथे करातला स्लॅब, घरावरचा नव्हे) ३० टक्क्यांपर्यंत कर बसतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक न लावता. पण घर त्या तारखेच्या आधी घेतलेलं असेल आणि विकणारा भारतात राहणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर जुन्या रीतीनं, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, कर काढून पाहता येतो. दोन्हींपैकी जो कमी येईल तेवढाच भरायचा. आखातात किंवा परदेशात स्थायिक झालेल्या भावाच्या वाट्याला ही सवलत नाही. त्याला सरळ १२.५ टक्के.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत म्हणून इथेही तेच वापरले आहेत. खालचं उदाहरण नोव्हेंबर २०२५ मधल्या विक्रीचं आहे, त्याला जुनाच कायदा लागतो.

दुरुस्ती कुठली, सुधारणा कुठली

कायदा वजा करू देतो तो घरात भर घालणारा किंवा घर बदलणारा भांडवली खर्च. घर होतं तसं राखण्यासाठी केलेला खर्च वजा होत नाही. ऐकायला सोपं आहे, पण एकाच गवंड्याच्या एकाच हिशेबात दोन्ही प्रकार असतात.

आपल्याकडचा पाऊस पाहता सगळ्यात नेहमीचं उदाहरण कौलांचं. दर मे महिन्यात फुटकी कौलं बदलणं, कोने सारखे करणं, पन्हळ बसवणं ही दुरुस्ती. दरवर्षी पाच हजार प्रमाणे वीस वर्षांत लाख रुपये गेले असतील, तरी त्यातला एक रुपया वजा होत नाही. कौलं आणि वासे काढून त्या जागी सळई-काँक्रीटचा स्लॅब घातला की ती सुधारणा. गळती थांबवायला भेगा भरून वर एक केमिकलचा हात मारला, दुरुस्ती. गच्चीवर पत्र्याची कायमची शेड उभारली, सुधारणा. शहाबादी फरशीचा एक तुकडा बदलला, दुरुस्ती. सगळ्या घरातली शहाबादी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, सुधारणा. जळालेलं बटण बदलणं आणि अख्ख्या घराचं वायरिंग नव्यानं भिंतीत घालून हेस्कॉमकडून (इथली वीज कंपनी) भार वाढवून घेणं, यांतला फरकही तोच.

जादा खोली, जिना, कंपाउंड वॉल, बोअरवेल, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, नवी पाइपलाइन, कायमचं बसवलेलं सोलर हे सगळं सुधारणेत येतं. रंगकाम येत नाही, आणि विकण्यापूर्वी लोक सगळ्यात जास्त खर्च रंगावरच करतात. सोफा, पलंग, पडदे, फ्रीज, एसी या हलवता येणाऱ्या वस्तू, त्यांचा घराच्या हिशेबाशी संबंध नाही. भिंतीत कायम बसवलेले ओटे आणि कपाटं यांवर वाद होतो. काढली तर भिंत फुटेल अशी ती बसवलेली असतील, तर बाजू बळकट असते. घरपट्टी, पाणीपट्टी, विमा वजा होत नाहीत.

नवा स्लॅब पडला की त्याला गिलावा आणि रंग लागतोच. तो रंग त्या बांधकामाचाच भाग आहे, वेगळं रंगकाम नव्हे. म्हणून बिल कसं लिहिलंय याला किंमत आहे. "घर दुरुस्ती व रंगकाम, एकूण रु. ६,५०,०००" असं एका ओळीत लिहिलेलं बिल स्वतःच स्वतःच्या विरोधात साक्ष देतं. काम सुधारणेचं आणि शब्द दुरुस्तीचा. खरं काम काय झालं ते कामाच्या वेळीच सुटं सुटं लिहून घ्या. विकताना जुन्या तारखेचं बिल "बनवून" घेण्याच्या फंदात पडू नका. पाच वर्षांपूर्वीच्या तारखेच्या बिलावर आजचा जीएसटी नंबर आणि आजचा मोबाइल नंबर छापलेला असला की पितळ उघडं पडायला मिनिट लागत नाही.

गृहकर्जाच्या व्याजाबद्दलही गैरसमज आहे. जे व्याज दरवर्षी रिटर्नमध्ये वजावट म्हणून दाखवलं, तेच पुन्हा घराच्या किमतीत मिळवता येत नाही. २०२३ च्या वित्त कायद्यानं हे दार स्पष्ट शब्दांत बंद केलं आहे.

गवंड्याला रोख दिले, आता काय?

रोख दिले म्हणून खर्च आपोआप बाद होत नाही. दहा हजारांवरच्या रोखीची आडकाठी धंद्याच्या खर्चाला आहे, घरमालकाच्या भांडवली खर्चाला नाही. अडचण असते ती पुराव्याची. पैसे खरंच गेले का, कुठून आले, कोणत्या वर्षी गेले आणि कशासाठी, या चारही प्रश्नांना कागद हवा.

सिमेंट, सळई, टाइल्स, सॅनिटरी यांची जीएसटी बिलं दुकानातून मिळतात. त्यावर मालकाचं नाव हवं. "कॅश" लिहिलेलं बिल कुणाच्याही घराचं असू शकतं. मजुरीचं बिल मिळत नाही, म्हणून साध्या कागदावर पावती करून घ्यावी. मजकूर एवढा पुरे: "आज ता. … रोजी … गल्ली, सीटीएस नं. … येथील घराच्या वरच्या मजल्याच्या … चौ. फूट स्लॅबचे सेंट्रिंग, सळई बांधणी व काँक्रीट मजुरीपोटी रु. … रोख मिळाले." खाली गवंड्याचं पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर आणि सही. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. त्याच आठवड्यात बँकेतून तेवढी रक्कम काढल्याची नोंद पासबुकात असेल तर पावतीचं वजन दुप्पट होतं. यूपीआयनं दिले तर उत्तमच, पण यूपीआयच्या नोंदीवर कारण नसतं, म्हणून पावती तरीही घ्या.

पावत्या हरवल्या असतील तर आजूबाजूचे पुरावे गोळा करावे लागतात. महापालिकेची, नगरपालिकेची किंवा पंचायतीची बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा. वरचा मजला नोंदल्यावर घरपट्टी कोणत्या वर्षापासून वाढली तो उतारा. हेस्कॉमच्या वाढीव भाराचा किंवा दुसऱ्या मीटरचा कागद. घरदुरुस्तीच्या नावानं काढलेलं सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आणि त्याचे हप्ते. मोबाइलमधले तारखेसकटचे फोटो. हे सगळं समोर ठेवून सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून त्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज लेखी घेता येतो. नुसत्या मूल्यांकनाच्या अहवालावर भिस्त ठेवू नये. सोबत वर्ष सिद्ध करणारा एक तरी सरकारी कागद हवाच.

आकडा कामाला शोभणारा हवा. सहाशे चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साधारण सात घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे ५५ ते ६० पोती सिमेंट. नुसत्या स्लॅबसाठी दोनशे पोत्यांची बिलं लावली तर तपासणाऱ्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

सीमाभागातली एक अडचण बाकीच्यांना नसते. आपला खाता उतारा कन्नडमध्ये असतो, गवंड्याची पावती मराठीत, आणि आजोबांचं वाटणीपत्र १९५६ च्या आधीचं असेल तर कधी मोडी लिपीत. आता आयकराची छाननी बहुतांशी समोरासमोर होत नाही. तुमची फाईल पाहणारा अधिकारी देशातल्या कुठल्याही शहरात बसलेला असतो. त्याला "वरच्या मजल्याचे सेंट्रिंग" वाचता येईल हे गृहीत धरू नका. प्रत्येक महत्त्वाच्या कागदामागे इंग्रजी भाषांतराचं एक पान जोडलेलं असलं की पुढची पत्रापत्री टळते. उताऱ्यावरचं कन्नड नाव, खरेदीपत्रावरचं मराठी नाव आणि पॅनवरचं नाव यांत आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते विक्रीच्या आधीच सरळ करून घ्या.

एक हिशेब, पै-पैसा लावून

घर ऑगस्ट २००८ मध्ये १४ लाखांना घेतलं. मुद्रांक आणि नोंदणीला १ लाख २० हजार गेले. तेही किमतीतच धरायचे, म्हणजे मूळ खर्च १५,२०,०००. २०१६-१७ मध्ये कौलं काढून स्लॅब आणि वर दोन खोल्या, ९,९०,०००. २०२२-२३ मध्ये बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, सगळं वायरिंग, ३,५०,०००. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी घर ७२ लाखांना विकलं. दलाली आणि वकिलाची फी ८० हजार. हाती राहिले ७१,२०,०००.

पहिली रीत, १२.५ टक्के. तिन्ही खर्च जसेच्या तसे वजा: १५,२०,००० + ९,९०,००० + ३,५०,००० = २८,६०,०००. नफा ४२,६०,०००. कर ५,३२,५००, त्यावर ४ टक्के उपकर २१,३००. एकूण ५,५३,८००.

दुसरी रीत, निर्देशांक लावून २० टक्के. निर्देशांक २००१-०२ साठी १०० धरलेला आहे. २००८-०९ चा १३७, २०१६-१७ चा २६४, २०२२-२३ चा ३३१ आणि विक्रीच्या वर्षाचा, २०२५-२६ चा, ३७६. प्रत्येक खर्चाला ३७६ नं गुणायचं आणि त्या त्या वर्षाच्या आकड्यानं भागायचं. मूळ किंमत होते ४१,७१,६७९. स्लॅबचे ९,९०,००० होतात १४,१०,०००. बाथरूम-वायरिंगचे ३,५०,००० होतात ३,९७,५८३. बेरीज ५९,७९,२६२. नफा ११,४०,७३८. कर २,२८,१४८ आणि उपकर ९,१२६, मिळून २,३७,२७४.

दुसरी रीत इथे निम्म्याहून स्वस्त पडली. जुनं घर आणि बेताची भाववाढ असली की बहुधा असंच होतं. उलट, जागेचा भाव पाच-सहा पट झाला असेल तर पहिली रीत फायद्याची ठरते. दोन्ही काढून पाहण्याला पर्याय नाही.

आता याच हिशेबातून सुधारणेच्या पावत्या काढून घ्या. दुसऱ्या रीतीनं नफा होतो २९,४८,३२१ आणि उपकरासह कर ६,१३,२५१. पहिल्या रीतीनं तर त्याहून जास्त. घर तेच, किंमत तीच, खर्चही तोच, पण पावत्या नसल्यामुळे ३ लाख ७५ हजारांहून जास्त कर वाढला. नुसत्या बाथरूम-वायरिंगच्या पावत्या नसत्या तरी सुमारे ८२ हजार ७०० रुपयांचा फरक पडला असता.

यातून एक उलटा प्रश्न नेहमी येतो: विकण्याआधी पाच लाख खर्च करून घर चकचकीत केलं तर कर वाचेल का? वाचेल, पण वाचतो तो पाच लाखांवरचा कर, पाच लाख नव्हे. पहिल्या रीतीत ६५ हजार, दुसऱ्या रीतीत फार तर १ लाख ४ हजार, आणि तेही खर्च सुधारणेचा असेल तर. गिऱ्हाईक त्या कामाचे पाच लाख जादा देणार असेल तर काम करा. कर वाचवायला म्हणून करणं हा घाट्याचा सौदा आहे.

घर बापाच्या नावे, पैसे मुलाचे

घराघरांत हेच असतं आणि इथेच खर्च सगळ्यात जास्त वाया जातो. घर वडिलांच्या नावे, पुण्यात नोकरी करणारा मुलगा स्लॅबसाठी आठ लाख थेट दुकानदाराला आणि गवंड्याला पाठवतो. कायद्याच्या भाषेत वजा होतो तो मालकानं स्वतःची मालकी असताना केलेला खर्च. घर वारसानं आलं असेल तर आधीच्या मालकानं केलेला खर्चही चालतो. मुलानं केलेला खर्च यात कुठे बसतो? वडिलांनी घर विकलं तर खर्च त्यांनी केलेला नाही. वडिलांच्या पश्चात मुलानं विकलं तर खर्च केला तेव्हा तो मालक नव्हता. आठ लाख मधल्या फटीत पडतात.

मार्ग सोपा आहे, पण तो काम सुरू होण्याआधीचा आहे. मुलानं पैसे वडिलांच्या खात्यात बक्षीस म्हणून बँकेतून द्यावेत, एका कागदावर तसं लिहून सह्या कराव्यात, आणि बिलं वडिलांच्या नावे, पैसे वडिलांच्या खात्यातून जावेत. मुलाकडून बापाला मिळालेल्या बक्षिसावर कर नाही.

बहिणीला पैसे देऊन हक्कसोडपत्र करून घेतलं असेल तर ती रक्कम तिचा हिस्सा घेण्याची किंमत म्हणून धरता येते. मात्र दस्तात "विनामोबदला" लिहायचं आणि पैसे हातात द्यायचे अशी जी रीत पडली आहे, तिनं तो हक्क जातो. दस्त म्हणतो काहीच दिलं नाही, मग वजा काय करणार?

वडिलोपार्जित घराची मूळ किंमत म्हणजे ज्यानं ते खरं विकत घेतलं त्याची किंमत, आणि मुदतही त्याच्यापासून मोजतात. वारसा नोंद गेल्या वर्षी झाली म्हणून नफा अल्प मुदतीचा होत नाही. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो. त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. त्या तारखेची मुद्रांकासाठीची किंमत उपलब्ध असेल तर भाव तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही. २००१ चा भाव ३ लाख निघाला तर २०२५-२६ च्या विक्रीत तो निर्देशांकानं ११,२८,००० होतो. १९९५ साली टाकलेल्या स्लॅबचा खर्च वेगळा मागता येत नाही, तो २००१ च्या भावात आलेलाच असतो.

सब-रजिस्ट्रारचा भाव आणि संचकार

महाराष्ट्रात ज्याला रेडीरेकनर म्हणतात त्याला इथे कर्नाटकात गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेला भाव. खरेदीपत्रातली रक्कम काहीही असो, गाईडन्स व्हॅल्यू तिच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर कर गाईडन्स व्हॅल्यूवर काढला जातो. ७२ लाखांच्या व्यवहारात ही मर्यादा ७९ लाख २० हजार. गाईडन्स ७८ लाख असेल तर ७२ वरच हिशेब. ८१ लाख असेल तर ८१ लाख मिळाले असं धरतात, आणि फरकावर गिऱ्हाइकालाही कर लागतो. घर पडकं आहे, गल्लीत गाडी जात नाही, कूळ बसलंय, अशी खरी कारणं असतील तर अधिकाऱ्याकडे खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकरवी तपासणी मागता येते.

संचकारपत्र (विसार घेऊन केलेला विक्रीचा करार) आणि खरेदीपत्र यांत वर्ष-दीड वर्ष जातं. मध्येच गाईडन्स व्हॅल्यू वाढते, जशी कर्नाटकात १ ऑक्टोबर २०२३ ला वाढली. अशा वेळी संचकाराच्या तारखेचा जुना भाव धरता येतो. अट एकच: संचकाराच्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम चेकनं किंवा बँकेतून आलेली असावी. संचकार रोख घेतला असेल तर ही सवलत नाही. शिवाय घरजागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. २०२५-२६ च्या विक्रीत ३० लाख आणि त्यावरच्या प्रत्येक दस्ताची माहिती सब-रजिस्ट्रार कार्यालयातून आयकर खात्याला जाते आणि ती तुमच्या पॅनखाली दिसते.

किंमत किंवा गाईडन्स व्हॅल्यू ५० लाख किंवा जास्त असेल तर गिऱ्हाइकानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ७२ लाखांवर ७२ हजार. चार भावांनी मिळून विकलं आणि प्रत्येकाचा वाटा १८ लाख असला तरी मर्यादा पूर्ण व्यवहाराला लागते. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर कपात १ ऐवजी २० टक्के होऊ शकते. विकणारा परदेशात असेल तर नियम वेगळे, कपात बरीच मोठी. त्यानं कमी कपातीचा दाखला आधी काढून ठेवावा.

कर वाचवण्याच्या तारखा

दीर्घ मुदतीचा नफा दुसऱ्या घरात घातला तर कलम ५४ खाली सूट मिळते. घर भारतात कुठेही चालतं, बेळगावचं विकून कोल्हापूरला किंवा धारवाडला घेतलं तरी हरकत नाही. विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नव्या घरात राहण्याजोगं व्हावं म्हणून लगेच केलेली कामं त्या घराच्या किमतीत धरण्याला अनेक निवाड्यांनी मान्यता दिली आहे. पण आधीच मालकीच्या असलेल्या दुसऱ्या घराच्या नूतनीकरणात पैसा घातला तर ते नवं घर नव्हे. नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर घेतलेली सूट परत हिशेबात येते.

रिटर्नच्या मुदतीपर्यंत, नोकरदार-पेन्शनरांसाठी साधारणपणे ३१ जुलै, जेवढे पैसे घरात घातलेले नसतील तेवढे बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे. साधी मुदतठेव चालत नाही, ग्रामीण शाखेतही हे खातं उघडत नाहीत. खानापूर तालुक्यातल्या माणसानं शाखेत आधी विचारून घ्यावं. काढलेली रक्कम ६० दिवसांत घरावर खर्च करायची असते.

घर घ्यायचं नसेल तर आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे कलम ५४ईसीचे रोखे आहेत. कमाल ५० लाख, पाच वर्षं पैसे अडकतात, व्याजावर कर लागतो. इथे हमखास चूक होते ती तारखेची. मुदत विक्रीपासून सहा महिने, रिटर्नपर्यंत नाही. वरच्या उदाहरणात १४ नोव्हेंबरची विक्री, म्हणजे १४ मेपर्यंत रोखे घ्यायला हवेत. "जुलैत सीएकडे जाऊ" म्हणणाऱ्याचा हा मार्ग दोन महिने आधीच बंद झालेला असतो.

विकणाऱ्या ज्येष्ठांना दुसरं उत्पन्न नसेल तर करमुक्त मर्यादेचा न वापरलेला भाग, नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत, या नफ्यातून वजा होतो. १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ती सवलत मात्र या नफ्याला लागू नाही. ६० वर्षांवरच्या, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही. बाकीच्यांनी विक्रीनंतरच्या हप्त्यांत, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला, भरावा, नाहीतर व्याज लागतं. रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरता येत नाही, आयटीआर-२ लागतो.

जुनं घर पूर्ण पाडून नवं बांधलं आणि दोन वर्षांच्या आत विकलं तर न्यायालयांनी जमीन आणि इमारत या वेगळ्या मालमत्ता मानल्या आहेत. जमिनीचा नफा दीर्घ आणि इमारतीचा अल्प मुदतीचा ठरतो. जुन्या घरावर नुसता मजला चढवला तर हा प्रश्न सहसा येत नाही. पडीक घरं घेऊन, नीट करून, विकण्याचंच काम कोणी सतत करत असेल तर तो धंदा. त्याला रंगापासून व्याजापर्यंत सगळं वजा होतं, पण वरच्या सवलती मिळत नाहीत.

खरेदीपत्राच्या दिवशी सब-रजिस्ट्रार कार्यालयाबाहेर घराची अख्खी फाईल, जुन्या खरेदीपत्रापासून सिमेंटच्या बिलांपर्यंत, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची आपल्याकडे रीत आहे. जुनं मूळ खरेदीपत्र, उतारे, ई.सी. (बोज्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा द्या, पण त्यांच्या झेरॉक्स ठेवून घ्या. बिलं, गवंड्याच्या पावत्या आणि पासबुकं यांच्याशी गिऱ्हाइकाचा काही संबंध नाही, ती मूळच्या मूळ घरी आणा. नोटीस आली तर तुम्हाला येणार आहे, आणि ती विक्रीनंतर काही वर्षांनीही येऊ शकते.